रक्तदाबाच्या गोळ्या आणि अंगावर उठणारी लक्षणे

(असोसिएशनच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यासपीठावर डॉक्टर उभा राहिला की तो मधुमेहावर किंवा हृदयविकारावर बोलणार, हे आता श्रोत्यांनाही पाठ झाले आहे. यंदा कार्यवाहांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आम्हांला दिले, तेव्हा आम्ही वरकरणी लहान वाटणारा विषय निवडला. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे त्वचेवर, ओठांवर आणि जिभेवर उमटणारी लक्षणे, हा तो विषय होय. तो निवडण्याचे कारण विद्वत्तेचे नाही. या विषयात आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती आपल्यासमोर सांगितल्याखेरीज पुढे बोलणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरहून एक मावशी सहा महिन्यांसाठी येथे इंग्लंडमध्ये आपल्या मुलाकडे आल्या होत्या. वय सहासष्ट. रक्तदाबासाठी तीन वर्षांपासून एनालाप्रिल नावाची गोळी त्या नियमाने घेत होत्या. एके सकाळी त्यांचा वरचा ओठ एका बाजूने सुजला. मुलाने आम्हांला दूरध्वनी केला. "डॉक्टरसाहेब, आईचा ओठ सुजलाय. काल रात्री शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती." आम्ही सेटिरिझिनची गोळी द्यावयास सांगितली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सूज उतरली. मुलाने आभार मानले आणि घरातून शेंगदाणे हद्दपार झाले. पाच आठवड्यांनी पुन्हा तसेच घडले. या वेळी आदल्या दिवशी वांग्याची भाजी होती. पुन्हा सेटिरिझिन, पुन्हा सूज उतरली, आणि वांगीही बंद झाली. आम्ही त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव दोन्ही वेळा विचारले नाही.

तिसऱ्या वेळी रात्री अकराच्या सुमारास जीभ सुजू लागली. आवाज बदलला, लाळ गिळता येईना. मुलाने रुग्णवाहिका बोलावण्यास अर्धा तास उशीर केला. पाहुणी म्हणून आलेल्या आईचे बिल किती येईल, या हिशेबात तो अर्धा तास गेला, हे त्याने नंतर खाली मान घालून सांगितले. इस्पितळात भूलतज्ज्ञाने घशात नळी घातली आणि दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवून मावशी वाचल्या. कारण शोधले ते एका तरुण डॉक्टर मुलीने. तिने मावशींच्या पिशवीतील गोळ्यांची पट्टी उलटून मागचे बारीक अक्षर वाचले आणि विचारले, "ही गोळी किती वर्षांपासून चालू आहे?"

आमच्यासारख्या, त्या वेळी वीस वर्षे व्यवसायात असलेल्या डॉक्टरला हे का दिसले नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. एक तर मावशींना खाज नव्हती आणि अंगावर गांधीही उठल्या नव्हत्या. दुसरे, गोळी तीन वर्षे सुरळीत चालू होती. जुन्या गोळीवर संशय घ्यावा असे मनाला पटत नाही. तिसरे कारण सर्वांत फसवे. ही सूज बहुधा एक-दोन दिवसांत आपली आपण उतरते. आम्ही दिलेल्या गोळीने ती उतरली असे आम्हांला वाटले, आणि त्या खोट्या यशाने आमचे चुकीचे निदान अधिकच पक्के झाले.

आता यामागील शास्त्र थोडक्यात पाहू. आपल्याकडे ज्याला 'अंगावर पित्त उठणे' म्हणतात आणि ज्यावर आपल्या आज्या आमसुलाचे पाणी चोळीत असत, त्या प्रकारात शरीरातील हिस्टामीन नावाचे द्रव्य कारणीभूत असते. खाज सुटते, गांधी उठतात, आणि सेटिरिझिनसारखी औषधे हिस्टामीनला अटकाव करून आराम देतात. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल या कुटुंबातील औषधांमुळे येणारी सूज निराळ्या वाटेने येते. ही औषधे शरीरातील ज्या विकराला रोखून रक्तदाब कमी करतात, तोच विकर ब्रॅडिकायनिन नावाचे दुसरे एक द्रव्य नष्ट करीत असतो. विकर थांबला की ब्रॅडिकायनिन साठते. ते घशात साठले तर कित्येकांना कोरडा खोकला लागतो. क्वचित एखाद्याच्या ओठ, जीभ, गाल वा घशातील रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरते आणि सूज येते. येथे हिस्टामीनचा संबंध नसल्यामुळे सेटिरिझिनचाच काय, स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचाही फारसा भरवसा धरता येत नाही. तीच सूज कधी आतड्यास येते. मग पोटात कळा येतात, उलट्या होतात, आणि रुग्णाची पोटाची तपासणी होत राहते.

या औषधांचा उगम ऐकण्यासारखा आहे. ब्राझीलमधील जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा प्रभाव वाढविणारा अंश असतो, हे सर्जिओ फेरेरा या तेथील शास्त्रज्ञाने दाखविले आणि तो अंश लंडनमध्ये जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत आणला. त्या धाग्यावरून अमेरिकेत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल तयार केले. १९८१ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे ज्या ब्रॅडिकायनिनच्या शोधातून हे औषध जन्मले, त्याच ब्रॅडिकायनिनमुळे मावशींची जीभ सुजली. असे असले तरी या औषधांनी असंख्य लोकांची हृदये आणि मूत्रपिंडे वाचविली आहेत, हेही तितकेच खरे आहे. सूज येण्याचे प्रमाण हजारांत एक ते सात इतकेच आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ते कितीतरी पट अधिक असते. या देशात त्यांना ही गोळी प्रथम न देण्याची जी पद्धत आहे, तिच्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक आहे.

आपल्या समाजाचा येथे प्रत्यक्ष संबंध येतो. या देशातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार पंचावन्न वर्षांखालील आपल्यासारख्या रुग्णास, तसेच मधुमेह असल्यास कोणत्याही वयाच्या रुग्णास, बहुधा 'प्रिल' किंवा 'सार्टान' या शेपटाची गोळी प्रथम दिली जाते. आपल्यात मधुमेह किती आहे हे सांगावयास नको. त्यामुळे या सभागृहातील पुष्कळांच्या डब्यात 'प्रिल' असणार. मधुमेहासाठी विल्डाग्लिप्टिनसारखी गोळी सोबत चालू असेल, तर सूज येण्याची शक्यता आणखी वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

सूज बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत येते. पण मावशींप्रमाणे वर्षांनंतरही येऊ शकते. एकदा आली की त्या कुटुंबातील कोणतीही गोळी पुन्हा आयुष्यात घ्यावयाची नाही. एनालाप्रिलने सूज आली म्हणून रामिप्रिल घेणे म्हणजे एका भावाने मारले म्हणून दुसऱ्याच्या घरी राहावयास जाण्यासारखे आहे. 'सार्टान' ही चुलत शाखा आहे. ती सावधपणे बहुतेकांना देता येते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. गोळी थांबविल्यावरही काही आठवडे अधूनमधून सूज येऊ शकते, तेव्हा "गोळी बंद केली तरी आली, म्हणजे कारण दुसरेच" असा तर्क लगेच करू नये.

बिलाविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये इस्पितळाच्या अपघात विभागात होणाऱ्या उपचारांसाठी परदेशी पाहुण्यांकडूनही शुल्क घेतले जात नाही. दाखल करून घेतल्यानंतरचे उपचार मात्र सशुल्क असू शकतात. तथापि जीव वाचविण्यासाठी तातडीने लागणारे उपचार पैशासाठी अडवून ठेवले जात नाहीत. आई-वडिलांना बोलावताना प्रवासी विमा काढावा, आणि त्यात रक्तदाब लपवू नये. जीभ सुजलेली असताना हिशेब करीत बसू नये. ९९९ फिरवावा.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. रक्तदाबाच्या औषधांनी येणारे पुरळ साधारणतः गोळी सुरू केल्यापासून चार ते चौदा दिवसांत येते. छाती-पाठीवर बारीक फोड आल्यासारखे दिसते, खाज असते, आणि औषध बदलले की ते जाते. पुस्तकात हे 'लाल' पुरळ म्हणून वर्णिलेले असते. आपल्या वर्णाच्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, करडी किंवा नुसतीच अधिक काळी दिसते, आणि कधी डोळ्यांपेक्षा बोटांनाच आधी कळते. आम्ही शिकलो त्या पाठ्यपुस्तकांतील बहुतेक छायाचित्रे गोऱ्या कातडीची होती. मुंबईत शिकताना काळ्या-सावळ्या रुग्णांसमोर उभे राहून आम्ही गोऱ्या त्वचेची वर्णने पाठ करीत होतो, याचे आज आश्चर्य वाटते. २०२० मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेसमधील मेलोन मुक्वेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या दोन शिक्षकांसह सावळ्या व काळ्या त्वचेवरील लक्षणांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. विद्यार्थ्याला जे सुचले ते आमच्या पिढीतील प्राध्यापकांना का सुचले नाही, असा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला.

म्हणून आपणांस विनंती की डॉक्टरांनी "मला तर काही दिसत नाही" असे म्हटले, तर गप्प बसून परत येऊ नये. "माझ्या त्वचेवर ते असेच दिसते, येथे हात लावून पाहा, कोपराच्या आतील भागाशी तुलना करा," असे स्पष्ट सांगावे. पुरळ ताजे असताना खिडकीजवळच्या उजेडात मोबाईलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. भेटीची वेळ मिळेपर्यंत ते निघून गेलेले असते, हा येथील सर्वांचाच अनुभव आहे.

काही औषधांमुळे त्वचा उन्हाला हळवी होते. हायड्रोक्लोरोथायाझाइड हे त्यांतील प्रमुख. चेहरा, मान, हाताची पाठ, म्हणजे जेथे ऊन लागते तेथे त्वचा काळवंडते व खाजते. कानामागे आणि हनुवटीखाली मात्र ती स्वच्छ राहते. डिल्टियाझेममुळे सावळ्या त्वचेवर पाटीसारखा करडा रंग चढल्याची उदाहरणे आहेत. काही गोळ्यांनी जांभळट, चपटे, खाजरे चट्टे येतात. ते गोळी सुरू केल्यावर महिन्यांनी उमटतात आणि बंद केल्यावर जावयासही महिने लागतात.

असे चट्टे आपल्या घरांत लपविले जातात. कोड की काय, महारोग की काय, मुलीच्या लग्नात कोणी विचारील की काय, या भीतीने पूर्ण बाह्यांचे कपडे घातले जातात आणि भारतातून कोणी येत असेल तर "ती खाजेची ट्यूब" मागविली जाते. त्या ट्यूबमध्ये बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतुनाशक अशी खिचडी असते. आठवडाभर आराम पडतो, नंतर त्वचा पातळ होते, खरा गजकर्ण असेल तर तो दबा धरून पसरतो, आणि मूळ चट्टे कशाचे होते हे कोणालाच ओळखता येत नाही. आमच्या परिचयातील एक बसचालक गृहस्थ दोन वर्षे अशी ट्यूब लावीत होते. शेवटी "ही गोळीच उष्ण पडते" असे ठरवून त्यांनी रक्तदाबाची सगळी औषधे कोणाला न विचारता सोडून दिली. चार महिन्यांनी त्यांना पक्षाघात झाला. चट्टे त्यांतील एकाच गोळीचे होते. ती बदलली असती तर पुरे होते.

'गोळी उष्ण पडते', 'औषध बाधले', 'अंगाला मानवत नाही' हे आपले शब्दप्रयोग आम्ही हसण्यावारी नेत नाही. रुग्ण काहीतरी खरे सांगत असतो. परंतु त्या एका शब्दात अ‍ॅलर्जी असलेले आणि नसलेले सगळेच कोंबलेले असते. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, विशेषतः स्त्रियांचे. ती अ‍ॅलर्जी नव्हे. मात्रेशी निगडित असा तो परिणाम आहे, मात्रा कमी केली की उतरतो, आणि लघवी होण्याची गोळी देऊन सहसा उतरत नाही. त्याच गोळीने चेहरा तापल्यासारखा होतो, कोणाच्या हिरड्याही वाढतात. या गोष्टींची नोंद कागदपत्रांत 'अ‍ॅलर्जी' म्हणून झाली, की एक चांगले औषध त्या माणसाला कायमचे बंद होते. 'सल्फाची अ‍ॅलर्जी' हाही असाच गैरसमज. सल्फाच्या प्रतिजैविकाने पूर्वी पुरळ आले म्हणून थायाझाइड गोळी चालणारच नाही, असे समजण्यास पुरेसा आधार नाही, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. डॉक्टरांना सांगावे अवश्य. स्वतःच मनाई करून घेऊ नये.

उलट, कधी गोळी निर्दोष असते आणि तिच्या शेजारची अपराधी असते. थायाझाइडने रक्तातील युरिक आम्ल वाढते, पायाचा अंगठा ठणकू लागतो, मग अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू होते. पुढील दोन महिन्यांत ताप येऊन अंगभर पुरळ उठले, तोंड आले, डोळे लाल झाले, कातडी सुटू लागली, तर संशय प्रथम अ‍ॅलोप्युरिनॉलवर घ्यावा. ही अवस्था जिवावर बेतणारी असते. अशा वेळी संशयित गोळीचा पुढील डोस न घेता तडक इस्पितळ गाठावे.

पण एरवी साध्या पुरळासाठी रक्तदाबाची गोळी मनाने थांबवू नये. अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या 'लॉल' शेपटाच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर हृदयाची गती उसळते आणि छातीत दुखू शकते. याच गोळ्या सोरायसिस असलेल्यांचा विकार वाढवितात. तसे वाटल्यास त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात.

'लॉल'चा विषय निघाला म्हणून या देशातील एक जुनी हकीकत सांगतो. प्रॅक्टोलॉल नावाचे औषध १९७० मध्ये येथे बाजारात आले. काही रुग्णांना सोरायसिससारखे पुरळ येऊ लागले, डोळे कोरडे पडून काहींची दृष्टी गेली, काहींच्या पोटातील आवरण जाड होऊन आतडी आवळली. थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर १९६४ मध्ये डॉक्टरांसाठी पिवळ्या कार्डाची योजना येथे सुरू झालेली होती. तरी प्रॅक्टोलॉलविषयी वेळेवर गजर झाला नाही. त्वचेच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांच्या हकीकती १९७४-७५ मध्ये छापल्यावर त्या जुळल्या, आणि तेव्हा गोळी मागे घेतली गेली. ज्यांचे डोळे कोरडे पडले होते त्यांनी ते वयाचे समजून कोणाला सांगितले नसेल, ज्यांना पुरळ आले त्यांनी साबण बदलला असेल, असे आम्हांला नेहमी वाटते. आता पिवळे कार्ड रुग्णाला स्वतःलाही भरता येते. आपल्या मुलांना सांगावे. संगणकावर ते काम काही मिनिटांचे आहे. भारतातही २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे.

भारतातून आणलेल्या औषधांबाबत दोन शब्द. औषध वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. रक्तदाबावरील सर्पगंधेचा अभ्यास मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि साऱ्या जगाचे लक्ष त्या मुळीकडे गेले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. (सर्पगंधेने नाक चोंदते, ही तिची जुनी खोड. कोणी जडीबुटीच्या गोळ्या घेत असेल आणि सर्दी हटत नसेल, तर तेही तपासावे. कारण नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या रक्तदाब वाढवितात.) अडचण नावांची आहे. एकाच औषधाला तेथे अनेक व्यापारी नावे असतात. पट्टीवरील नावापुढे 'एच' असल्यास आत बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड असते, 'एएम' असल्यास अ‍ॅम्लोडिपिन. येथील जी.पी.ने बंद केलेली गोळी निराळ्या नावाने तिकडून आलेल्या पट्टीत पुन्हा पोटात जाते, आणि ते घेणाऱ्यालाही ठाऊक नसते.

यासाठी पाकिटात एक कागद ठेवावा. त्यावर प्रत्येक गोळीचे मूळ नाव, सुरू केल्याची तारीख, आणि पूर्वी कोणत्या गोळीने नेमके काय झाले ते लिहावे. 'अ‍ॅलर्जी' हा एकच शब्द लिहू नये. 'ओठ सुजला', 'चौथ्या दिवशी पुरळ', 'घोटे सुजले' असे लिहावे. त्या एका ओळीने अपघात विभागातील डॉक्टरचा पाऊण तास वाचतो. मराठीत नको, इंग्रजीत लिहावे. अक्षर मुलांचे चालेल, स्पेलिंग मात्र पट्टीवरून उतरवावे.

मावशी पुढे नागपूरला परतल्या. त्यांची गोळी बदलली, सूज दोनदा थोडी आली आणि मग थांबली. शेंगदाणे आणि वांगी आम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून, पुन्हा सुरू करविली. त्या दिवशी त्यांनी आम्हांला एवढेच विचारले, "मग तेव्हा का नाही सांगितलं, डॉक्टर?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

भोजनोत्तर सत्रात आम्ही मागील खोलीत दोन तास बसणार आहोत. ज्यांनी आज गोळ्यांची पिशवी सोबत आणली आहे त्यांनी यावे. भारतातून आणलेल्या पट्ट्या, चूर्णे आणि ट्यूबाही आणाव्यात. मूळ नावे वाचून प्रत्येकाचा कागद तेथेच तयार करून देऊ. वाचनाचा चष्मा विसरू नये, आमच्याकडे एकच आहे.

जयभीम.